कडी आतून की बाहेरून?

दिवाळी अंकात माणसाने काहीतरी गोड लिहावे, असा संकेत आहे. चकलीच्या ताटाशेजारी अंक उघडला जातो. आजोबा कथा वाचतात, सूनबाई कविता चाळते, धाकटी मंडळी व्यंगचित्रांवर झडप घालतात. तिथे आगीच्या, बुडण्याच्या आणि खुनाच्या गोष्टी काढणे शुभ नव्हे, असे घरातली वडीलधारी माणसे म्हणतीलच. पण याच चार दिवसांत वसतिगृहातली मुले घरी येतात, एकत्र जेवायला बसतात आणि एरवी फोनवर 'हो, बरे आहे' एवढेच म्हणणारा मुलगा दोन वाक्ये जास्त बोलतो. हा विषय आज काढायचा नाही, तर काढायचा केव्हा? ज्यांना फार कडू लागेल त्यांनी मध्येच एखादा बेसनाचा लाडू तोंडात टाकावा आणि पुढे वाचावे.

विषय असा. आपली मुले-मुली ज्या कॉलेजांत शिकतात, ज्या वसतिगृहांत राहतात आणि ज्या क्लासांत रात्री नऊपर्यंत बसतात, तिथे संकट ओढवले तर त्यांचे काय होईल? त्यांच्या रक्षणासाठी म्हणून आपण जो बंदोबस्त करून ठेवला आहे, तो त्यांना तारील की मारील?

माझे मत मी आडपडदा न ठेवता सांगते. 'सुरक्षा' या शब्दाचा अर्थ आपण 'कुलूप' असा करून ठेवला आहे. भिंत उंच केली, फाटकावर पहारेकरी बसवला, मागचे दार बंद केले, मुलींना संध्याकाळी सातच्या आत कोंडले की आपली जबाबदारी संपली, असे संस्थाचालकांना वाटते, सरकारला वाटते आणि, रागावू नका, आपल्याला आईबापांनाही वाटते. ही समजूत चुकीची आहे आणि तिने माणसे मारली आहेत.

'तू कोण एवढी शहाणी?' असे कोणी विचारील. मी मॅट्रिक. शाळेत पोरांना शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. कॉलेजच्या बाकावर मी बसलेली नाही. पण आमच्या मनोरीची मुले सकाळी बोटीने खाडी ओलांडतात, मार्वे जेटीवर उतरतात आणि बस धरून मालाड-बोरिवलीच्या कॉलेजांत जातात. त्यांतल्या कित्येकांना पाटीवर 'अ' गिरवायला मी शिकवले आहे. शिवाय दाराला बाहेरून कुलूप आहे हे ओळखायला पदवी लागत नाही.

आधी आगीचेच घेऊ. २४ मे २०१९ रोजी सुरतेला, सरथाणा भागातल्या तक्षशिला नावाच्या इमारतीत आग लागली. वरच्या मजल्यावर मुलांचे क्लास चालत. वर पेट घेणारे छत, खाली उतरायला लाकडी जिना, आणि तो जिनाच जळाला. मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. देशाने ते दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिले. २२ मुले गेली. त्याच्या पंधरा वर्षे आधी, १६ जुलै २००४ रोजी, तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत मधल्या वेळच्या जेवणाच्या स्वयंपाकघरातून आग निघाली, गवती छपराने पेट घेतला आणि ९४ लेकरे होरपळून मेली. दिल्लीच्या उपहार चित्रगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे गेली. बहुतेकांना ज्वाळेने स्पर्शही केला नव्हता. बाल्कनीची वाट अडलेली, दारे लागलेली, आणि धुराने माणसे गुदमरली.

या तिन्ही ठिकाणी आग निरनिराळ्या कारणांनी लागली, पण माणसे एकाच कारणाने मेली. बाहेर पडायला वाट नव्हती. धूर माणसाला दोन-चार मिनिटांत बेशुद्ध करतो. तेवढ्या वेळात किल्ली शोधणारा शिपाई तिसऱ्या मजल्यावर पोचत नाही, आणि अग्निशमन दल तर मुंबईच्या गर्दीत त्याहूनही उशिरा पोचते. तेव्हा पहिल्या दोन-चार मिनिटांत मूल वाचायचे असेल, तर ते स्वतःच्या पायांनीच बाहेर आले पाहिजे. दुसरा उपाय नाही.

कायदा हे जाणतो. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक कायद्याप्रमाणे इमारतीची आगीची व्यवस्था नीट ठेवणे ही मालकाची व भोगवटादाराची जबाबदारी आहे, आणि ती व्यवस्था चालू स्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. कुंभकोणमनंतर सर्वोच्च न्यायालयात खटला चालला आणि १३ एप्रिल २००९ रोजी न्यायालयाने देशभरातल्या शाळांना आग विझवण्याची साधने बसवण्याचा व शिक्षकांना ती वापरायला शिकवण्याचा हुकूम केला. कागद आहेत. पण भिंतीवर टांगलेला लाल नळकांडा कसा चालवायचा, असे एखाद्या प्राध्यापकाला विचारून पाहा. विचारणाऱ्याचीच कीव करून ते पुढे निघून जातील.

मध्यंतरी एका कॉलेजात पुस्तकांच्या कार्यक्रमासाठी मला बोलावले होते. कार्यक्रम दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात. मुले तीनशेच्या वर. सभागृहाला दोन दारे, त्यातल्या मागच्या दाराला हे भले मोठे कुलूप. मी तिथल्या पहारेकऱ्याला विचारले, "मामा, याची किल्ली कुठे असते?" ते म्हणाले, "बाई, ऑफिसात." "आणि ऑफिस?" "ते पाचला बंद होते." साडेपाच वाजले होते. चहा पिताना मी ही गोष्ट तिथल्या अधिकारी गृहस्थांच्या कानावर घातली. ते हसून म्हणाले, "मागच्या दाराने पोरे पळतात हो, बाई!" मला त्यांचे खरे तर कौतुकच वाटले. संकटाच्या वेळी मुलांनी जे करायला हवे, ते करू नये म्हणून त्यांनी कुलूप लावले होते.

आता कोणी म्हणेल, आगीचे ठीक, पण कोणी हत्यार घेऊन आत शिरला तर? तेव्हा कुलूपच कामाला येईल ना? हा प्रश्न रास्त आहे. म्हणून अमेरिकेतले उदाहरण घेते. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात तिथल्याच एका विद्यार्थ्याने ३२ जणांना गोळ्या घालून ठार केले. त्यांत तामिळनाडूत जन्मलेले प्राध्यापक लोगनाथन होते आणि आपल्या मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही होती. सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात दोघांचा बळी गेला. विद्यार्थ्यांना पहिली सूचना गेली ती नऊ वाजून २६ मिनिटांनी. पुढच्या पाव तासात मारेकरी नॉरिस हॉल नावाच्या इमारतीत पोचला होता आणि तिथे त्याने तीस जणांना मारले. मधल्या दोन तासांत हजारो मुले काही ठाऊक नसताना वर्गांकडे चालत होती.

त्या मारेकऱ्याने आत शिरल्यावर पहिली गोष्ट कोणती केली? इमारतीच्या मुख्य दारांना साखळ्या लावल्या. माणसे मारायची तर आधी त्यांची वाट बंद केली पाहिजे, हे त्याला कळत होते. त्याने एका सकाळी जे केले, ते आमच्याकडे शिस्तीच्या नावाखाली रोज केले जाते.

त्याच इमारतीत लिव्हिउ लिब्रेस्कु नावाचे ७६ वर्षांचे प्राध्यापक शिकवत होते. हिटलरच्या काळातल्या ज्यूंच्या संहारातून ते लहानपणी वाचले होते. त्यांनी वर्गाचे दार आतून अंगाने रेटून धरले आणि मुलांना खिडकीतून उड्या टाकायला सांगितले. मुले वाचली, ते गेले. तेही दार बंदच होते. पण ते आतून बंद होते, आतल्या माणसाने, आतल्या माणसांसाठी धरलेले होते. माझा सगळा वाद या एका फरकाचा आहे. कडी आतून असेल तर ती रक्षण करते. तीच बाहेरून असेल तर घराची कोठडी होते.

हे मनात ठेवून आपल्या मुंबईतली गोष्ट ऐका. जून २०२३ मध्ये चर्नी रोडजवळच्या सरकारी वसतिगृहात चौथ्या मजल्यावरच्या खोलीत एका विद्यार्थिनीचा अत्याचार करून खून झाला. खोलीला बाहेरून कुलूप होते. संशय ज्याच्यावर आला तो कोणी भिंत चढून आलेला दरोडेखोर नव्हता. त्याच वसतिगृहात पहाऱ्याचे काम करणारा माणूस होता तो, आणि त्याच दिवशी त्याचे प्रेत रेल्वेच्या रुळांवर सापडले. कुंपणच शेत खाते, ही म्हण आपण शाळेत घोकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. ज्या पोरीला फाटकाबाहेरच्या जगापासून वाचवायचे म्हणून नियमांचे जाळे विणले, तिच्यावर घाला फाटकाच्या आतूनच आला. मग त्या फाटकाने राखले काय?

मुलींच्या बाबतीत तर या कुलपाला आपण संस्कार हे नाव दिले आहे. मुलगे रात्री अकराला हिंडून आले तर चालते. मुलीला ग्रंथालयातून आठला परतायचे तर चिठ्ठी, सही आणि वर वॉर्डनबाईंचे तोंड! दिल्लीत २०१५ साली विद्यार्थिनींनी याच्याविरुद्ध 'पिंजरा तोड' नावाची चळवळ उभी केली, तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. गंमत सरकारी कागदांतच पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत चढता येणार नाही एवढी उंच भिंत बांधा, तिच्यावर काटेरी तारांची वेटोळी बसवा, असा सल्ला आहे. त्याच आयोगाच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१५ च्या विनियमांत म्हटले आहे की, सुरक्षेच्या नावाखाली पाळत आणि पहारा यांचा अतिरेक होऊ नये, स्त्रियांच्या हिंडण्याफिरण्यावर गदा येऊ नये, आणि सुरक्षेची सबब सांगून वसतिगृहात मुलींना मुलांहून वेगळे जाचक नियम लावू नयेत. एकाच कचेरीतले हे दोन कागद. आमच्या संस्थांनी त्यांतला कोणता उचलला हे सांगायला नकोच. तारेचे भेंडोळे बाजारात मिळते. विश्वास बाजारात मिळत नाही, तो कमवावा लागतो.

या विश्वासाचा आणि सुरक्षेचा फार जवळचा संबंध आहे. जी मुलगी उशिरा आली म्हणून बोलणी खाते, ती पुढच्या वेळी कोणी मागे लागला तर वॉर्डनकडे जाईल का? ती गप्प बसेल, कारण 'तू तिथे गेलीसच कशाला?' हा प्रश्न तिला पाठ असतो. संकटाची पहिली चाहूल नेहमी मुलांना लागते. खोलीतला एखादा मित्र चार दिवस जेवला नाही, एखादा पहारेकरी उगाच मजल्यावर रेंगाळतो, एखाद्या बटणातून ठिणग्या उडतात, हे त्यांना आधी दिसते. ते त्यांनी सांगावे असे वाटत असेल, तर ऐकणाऱ्याच्या हातात छडी असून चालणार नाही.

यावर दुसरा आक्षेप येतो. "म्हणजे काय, संकट आले की मुलांना मोकाट बाहेर सोडायचे?" मुळीच नाही. २६ जुलै २००५ हा दिवस आम्ही उपनगरातली माणसे विसरलेलो नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि कुलाब्याला त्याच दिवशी ७३-७४ मिलिमीटर. फोर्टातल्या साहेबाला खिडकीतून साधा पाऊस दिसत होता, तेव्हा कुर्ला-कलिना गळ्याइतक्या पाण्यात होते. गाड्या बंद, फोन बंद. त्या दुपारी 'घरी जा' म्हणून सोडलेली पोरे पाण्यात सापडली, आणि मुलांना वरच्या मजल्यावर ठेवून घेऊन ज्यांनी रात्र काढली, त्यांची मुले सकाळी सुखरूप घरी गेली. शेजारच्या चाळींनी अनोळखी माणसांना चहा-खिचडी दिली, ती कोणाच्या परिपत्रकावरून नव्हे. त्या दिवशी शहाणपण आत थांबण्यात होते, आगीच्या वेळी ते बाहेर पडण्यात असते. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीत राजेंद्र नगरच्या एका क्लासच्या तळघरात पाणी घुसून तीन विद्यार्थी बुडाले. ते तळघर सामान ठेवण्यासाठी मंजूर झाले होते आणि तिथे वाचनालय थाटले होते. तिथे पाणी दिसताच वर पळणे हाच मार्ग होता. आग, पूर, गोळीबार यांना एकच नियम लागू पडत नाही. म्हणूनच एकच कुलूप सगळ्यांवर उपाय असू शकत नाही. कोणत्या संकटात काय करायचे, हे आत असलेल्या माणसाला ठाऊक हवे आणि ते करण्याची त्याला मुभा हवी.

ठाऊक असणे म्हणजे काय, हे आम्हा खाडीकाठच्या माणसांना विचारा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका कॉलेजची सहल रायगड जिल्ह्यात मुरूडच्या किनाऱ्यावर आली आणि १४ विद्यार्थी समुद्रात बुडाले. हुशार मुले ती, पदवीचा अभ्यास करणारी! आक्साच्या किनाऱ्याने आजवर किती जणांना ओढून नेले, हे मालाड-मार्वेच्या माणसाला सांगावे लागत नाही. आमच्या कोळीवाड्यातले शेंबडे पोरही जाणते की ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी जायचे नसते, आणि पाणी ओढायला लागले तर त्याच्याशी झुंजायचे नसते. तरंगत राहून काठाला समांतर सरकायचे असते. त्याला हे कोणी परीक्षेसाठी शिकवले नाही. आजाने सांगितले, बापाने दाखवले, दहा वेळा करून घेतले. समुद्राला भिंत घालून आम्ही जगत नाही, त्याची रीत जाणून जगतो. कॉलेजवाल्यांनी सहलीच्या आधी पालकांकडून 'जबाबदारी आमची नाही' अशा कागदावर सही घेतली की त्यांचे काम झाले. त्या सहीऐवजी किनाऱ्यावरच्या एखाद्या कोळीदादाला अर्धा तास बोलायला बोलावले असते, तर?

आमच्याच उपनगरात याचे आणखी एक उदाहरण आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले बिबटे आरे कॉलनीत, पवईच्या आय. आय. टी.च्या आवारात फिरकतात. २००४ च्या सुमारास हल्ल्यांनी हाहाकार उडाला होता. तेव्हाचा उपाय म्हणजे पिंजरा लावा आणि बिबट्या उचलून दुसरीकडे सोडा. पुढे २०११ पासून वनखात्याने अभ्यासक विद्या अत्रेय यांच्यासारख्यांना बरोबर घेऊन लोकांना शिकवायला सुरुवात केली. कचरा साठवू नका, रात्री लहान मुलांना एकटे सोडू नका, बिबट्या दिसला तर घेराव घालू नका. बिबटे तिथेच आहेत आणि माणसेही तिथेच आहेत. जे काम पिंजऱ्याने झाले नाही, ते समजुतीने पुष्कळ साधले.

तिसरा आक्षेप खर्चाचा. यावर मला हसू येते. वार्षिक समारंभाच्या कमानीला, दिव्यांच्या रोषणाईला पैसे असतात. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात अशाच समारंभात गाण्याचा कार्यक्रम होता. पाऊस आला, गर्दी एकाच फाटकातून आत लोटली, आतल्या उतरत्या पायऱ्यांवर माणसे कोसळली आणि चार जण चेंगरून मेले, त्यांतले तीन विद्यार्थी. दुसरे फाटक उघडून तिथे दोन स्वयंसेवक उभे करायला किती खर्च येतो? आतून आडवी दांडी ढकलली की उघडणारे आणि बाहेरून न उघडणारे दार आजकाल मिळते. चोरही आत येत नाही, मुलेही अडकत नाहीत. तेही नको असेल तर मागच्या दाराची किल्ली काचेच्या पेटीत घालून दाराशेजारीच टांगा. त्याला तर पैसाही लागत नाही, फक्त मुलांचा जीव आपल्या शिस्तीपेक्षा मोठा आहे एवढे कबूल करावे लागते.

आता आईबापहो, तुमच्याकडे वळते. प्रवेशाच्या वेळी आपण काय विचारतो? निकाल किती टक्के, नोकऱ्या किती लागतात, आणि मुलगी असेल तर 'रात्री किती वाजता आत घेता हो?' असे आपण विचारतो म्हणूनच ते कुलपे लावतात. त्यांना आपलेच समाधान करायचे असते. या दिवाळीत, फराळ झाल्यावर, मुलाला जवळ बसवा आणि निराळे प्रश्न विचारा. तुझ्या खोलीपासून खाली यायला दोन वाटा आहेत का? दुसरी वाट उघडी असते की तिथे मोडकी बाके रचली आहेत? आगीची कवायत शेवटची कधी झाली? बाहेर पडल्यावर सगळ्यांनी जमायचे कुठे, आणि मोजदाद कोण करतो? रात्री दोन वाजता काही झाले तर तू कोणाचे दार वाजवशील, आणि तो माणूस दार उघडील असा तुला भरवसा आहे का? ११२ या क्रमांकावर मदत मिळते, हे तुला ठाऊक आहे का? घाबरलेला मित्र तुला कधी काही बोलला आहे का?

उत्तरे मिळाली नाहीत, तर सुट्टी संपल्यावर मुलाला पोचवायला गेलेल्या दोघांतल्या एकाने जरा वर जाऊन यावे. जिना बघावा, मागचे दार ढकलून पाहावे. जानेवारी-जुलैचा दाखला दाखवा, असे कचेरीत नम्रपणे म्हणावे. एकट्याने विचारले तर ते आपल्याला खुळचट समजतील. पन्नास जणांनी विचारले तर दाराचे कुलूप निघेल. फीच्या पावतीवर आपला हक्क एवढा तरी आहे.

१ मे २०२४ रोजी दिल्लीच्या परिसरातल्या शंभरावर शाळांना बाँबच्या धमकीचे पत्र संगणकावरून आले. धमकी खोटी निघाली, आणि आईबाप फाटकांवर रडत-धावत पोचले होते ते मुलांना घेऊन परतले. अशा खोट्या धमक्या पुढेही येतील. प्रत्येक वेळी आपण 'बरे झाले, खोटी निघाली' म्हणून सुस्कारा सोडू. पण त्या सकाळी खरा प्रश्न धमकी खरी की खोटी हा नव्हताच. आपली मुले किती मिनिटांत बाहेर आली, हा होता. तो प्रश्न आपल्या गावच्या कॉलेजला विचारायला धमकीची वाट कशाला पाहायची?

दाराला कडी असावी. घराला असते, तशी वसतिगृहालाही असावी. मात्र ती आतून असावी आणि आतल्या लेकराचा हात तिच्यापर्यंत पोचावा.